गरोदरपणात फ्लूची लस: घ्यायची का, आणि घ्यायची तर कधी?

दिवस गेले की टीडीची इंजेक्शनं ठरलेलीच असतात (आपल्याकडे अजून सगळे त्यांना ‘टीटी’च म्हणतात). ती घ्यायची का, असं कुणी विचारत नाही. आशाताई आठवण करतात, सिस्टर टोचते, कार्डावर नोंद होते. फ्लूच्या लसीचं तसं नाही. ती राष्ट्रीय लसीकरणाच्या वेळापत्रकात नाही. त्यामुळे काही डॉक्टर स्वतःहून सुचवतात, काही ‘हवी असेल तर घ्या’ म्हणून मोकळे होतात, आणि काहींच्या तोंडून तिचं नावही निघत नाही. घरी विचारलं तर ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ हे ठरलेलं उत्तर. मग रात्री झोप येत नसताना मोबाइल हातात घेऊन शोधत बसायचं, आणि सकाळी आधीपेक्षा जास्त गोंधळून उठायचं.

मी डॉक्टर नाही. गरोदरपणात हे सगळं विचारत, शोधत, फोन करत पार पडले, एवढाच माझा अधिकार. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कळेल मी कुठल्या बाजूची आहे ते. लस घ्यावी का, या प्रश्नाचं उत्तर बहुतेकींसाठी ‘हो’ असंच आहे आणि ते मिळायला फार वेळ लागत नाही. खरं डोकं लावायचं ते ‘कधी’ या प्रश्नावर, कारण तुमच्या गरोदरपणाचे आठवडे आणि आपल्याकडचा पावसाळा यांचा मेळ तुमच्यासाठी दुसरं कुणी घालून देत नाही.

१. सर्दी आणि फ्लू यांची गल्लत आधी सोडवा

‘सर्दीच तर आहे, त्याला लस कशाला?’ हा पहिला अडथळा. नाक वाहणं, शिंका, दोन दिवस अंग कसकसणं हे बहुतेक वेळा इतर विषाणूंचं काम असतं आणि फ्लूची लस त्यावर चालत नाही. फ्लू म्हणजे इन्फ्लुएन्झा. अचानक चढणारा ताप, अंग मोडून काढणारी दुखणी, कोरडा खोकला आणि कित्येक दिवस न जाणारा थकवा. ‘स्वाइन फ्लू’ म्हणून आपण ज्याला ओळखतो तो एच१एन१ हा त्यातलाच एक. आता तो दरवर्षी फिरणाऱ्या नेहमीच्या फ्लूमध्ये सामील झालेला आहे आणि वर्षाच्या लसीत त्याचा घटक असतोच. त्यामुळे ‘स्वाइन फ्लूची लस वेगळी घ्यायची का?’ असं विचारायची गरज नाही.

गरोदर बाईला फ्लू झाला तर तो जास्त त्रासदायक का ठरतो, याची कारणं शरीरातच आहेत. पोट वाढतं तसं श्वासपटल (फुप्फुसांखालचा पडदा) वर ढकललं जातं आणि फुप्फुसांना पसरायला जागा कमी पडते. हृदयावरचं काम वाढलेलं असतं. बाळाला सांभाळून घेण्यासाठी रोगप्रतिकारशक्तीची चालही बदललेली असते. त्यामुळे साधा वाटणारा फ्लू न्यूमोनियापर्यंत जाण्याची शक्यता वाढते. शेवटच्या तिमाहीत तर जास्तच, आणि बाळंतपणानंतरचे पहिले दोन आठवडेही धोक्याचेच धरतात. सुरुवातीच्या आठवड्यांत चढलेला जोराचा ताप बाळाच्या वाढीसाठीही चांगला नसतो.

पुण्याला हे नव्याने सांगायला नको. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये इथेच झाला. तेव्हा अख्खं शहर मास्क लावून आणि रुमालात कापूर-वेलचीची पुरचुंडी बांधून हिंडत होतं. त्या साथीत जगभर दिसलेली एक गोष्ट म्हणजे धडधाकट, तरुण गरोदर बायका अतिदक्षता विभागात पोहोचत होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये फ्लूच्या लसीसाठी गरोदर स्त्रियांना सर्वांत वरचं प्राधान्य दिलं.

दुसरं कारण मला जास्त पटलं. फ्लूची लस सहा महिन्यांखालच्या बाळाला देताच येत नाही. म्हणजे ज्या महिन्यांत बाळ सर्वांत नाजूक, त्याच महिन्यांत त्याच्याकडे स्वतःचं काही संरक्षण नाही. आईने गरोदरपणात लस घेतली तर तिच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) वारेतून बाळाकडे जातात आणि जन्मानंतरचे काही महिने पुरतात. बांगलादेशात झालेला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास यासाठी नेहमी सांगितला जातो. लस घेतलेल्या आयांच्या बाळांमध्ये पहिल्या सहा महिन्यांत तपासणीत सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी आढळला. नंतर दक्षिण आफ्रिकेत झालेल्या मोठ्या अभ्यासात हा आकडा निम्म्याच्या आसपास आला, नेपाळमध्ये त्याहून कमी. म्हणजे लस घेतली की फ्लू होणारच नाही, असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. पण धोका बराच कमी होतो, आणि झालाच तर दवाखान्यात भरती व्हायची वेळ येण्याची शक्यता कमी होते.

२. तुम्हाला चालेल का, ते तपासा

गरोदरपणात जी लस देतात ती मेलेल्या विषाणूच्या तुकड्यांची असते. त्यात जिवंत काही नसतं, त्यामुळे लसीनेच फ्लू होणं शक्य नाही. ती दंडाच्या स्नायूत टोचतात.

नाकात फवारायची लस मात्र वेगळी. ती जिवंत पण कमजोर केलेल्या विषाणूची असते आणि गरोदरपणात देत नाहीत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अशी लस २०१० मध्ये आणली होती, म्हणून आपल्याकडे ‘ती नाकातली चालेल ना, सुई नको’ असं विचारणाऱ्या बऱ्याच जणी भेटतात. नाही चालत. सुईच घ्यायची.

डॉक्टरांना आधी सांगायच्या गोष्टी या: पूर्वी फ्लूच्या किंवा दुसऱ्या कुठल्या लसीनंतर अंगावर गांधी उठणं, श्वास अडकणं, चेहरा सुजणं असं काही झालं होतं का, पूर्वी कधी गीया-बारे सिंड्रोम म्हणजे जीबीएस (नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार) झाला होता का, विशेषतः फ्लूची लस घेतल्यानंतरच्या सहा आठवड्यांत, आणि रक्त पातळ करणारी औषधं चालू आहेत का. हे शेवटचं विसरायला होतं. हल्ली बऱ्याच जणींना गरोदरपणात कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन किंवा पोटावर घ्यायची हेपारिनची इंजेक्शनं असतात. त्यांनी लस टळत नाही, पण सिस्टरला माहीत असलं की ती बारीक सुई वापरते आणि जागा नंतर जास्त वेळ दाबून धरते.

अंगात ताप असेल तर तो उतरेपर्यंत थांबा. नुसतं नाक गळत असेल तर थांबायचं कारण नाही.

३. कॅलेंडर समोर घेऊन बसा

आता मुख्य काम. कागद घ्या, शेवटच्या पाळीची तारीख लिहा, बाळंतपणाची अंदाजे तारीख लिहा, २६ आठवडे कधी पूर्ण होतात ते लिहा, आणि जून ते सप्टेंबर या महिन्यांवर रेघ ओढा.

ही रेघ का? थंडीच्या देशांत फ्लू हिवाळ्यात येतो. इंटरनेटवरचं बहुतेक लिखाण तिथल्या बायकांसाठी असल्याने ‘ऑक्टोबरमध्ये लस घ्या’ हा सल्ला सगळीकडे दिसतो. महाराष्ट्रात आणि गोव्यात फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो. दुसरा, बहुतेक वर्षी लहान, जोर जानेवारी ते मार्चमध्ये येतो. लहान म्हणून दुर्लक्ष करू नका. २०१५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यात एच१एन१ने चांगलाच धुमाकूळ घातला होता आणि मार्च २०२३ मध्ये एच३एन२ या फ्लूच्याच दुसऱ्या प्रकाराच्या तापाने दवाखाने भरले होते.

२६ आठवड्यांचा आकडा आला तो स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ‘फॉग्सी’ या संघटनेकडून. त्यांची शिफारस साधारण २६ आठवड्यांनंतर लस द्यावी अशी आहे. साथ चालू असेल तर त्याआधीही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते कुठल्याही महिन्यात चालेल. राज्य सरकारची मोफत लस दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीतल्या स्त्रियांसाठी. म्हणजे तीन ठिकाणी तीन आकडे, आणि तुमचे डॉक्टर त्यातला कुठलाही सांगू शकतात. यात कुणी खोटं बोलत नाही. एकाला बाळाला जास्तीत जास्त प्रतिपिंडं मिळावीत याची काळजी आहे, दुसऱ्याला आई लवकरात लवकर सुरक्षित व्हावी याची.

तुमचं गणित कसं बसतं ते तारखांवर ठरेल. तीन उदाहरणं देते.

शेवटची पाळी नोव्हेंबरची असेल तर २६ आठवडे मे महिन्यात भरतात आणि बाळ ऑगस्टमध्ये येतं. तुमच्यासाठी सगळंच जुळून आलंय. मेमध्ये लस घ्या, पाऊस सुरू व्हायच्या आत.

शेवटची पाळी सप्टेंबरच्या सुरुवातीची असेल तर बाळ जूनमध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर. तुम्हाला स्वतःपेक्षा बाळासाठी लस हवी आहे. मार्च-एप्रिलमध्ये घेतली की बाळंतपणापर्यंत प्रतिपिंडं तयार होऊन बाळाकडे जायला पुरेसा वेळ मिळतो. किमान दोन आठवडे तरी हातात हवेत. ‘नववा महिना लागला की बघू’ असं म्हणत बसलात आणि बाळ लवकर आलं, तर ते काम अर्धवट राहिलं.

शेवटची पाळी एप्रिलची असेल तर खरी अडचण. जूनमध्ये तुम्ही जेमतेम आठ-दहा आठवड्यांच्या असता. २६ आठवडे भरेपर्यंत ऑक्टोबर उजाडतो, म्हणजे अख्खा पावसाळा तुम्ही लसीशिवाय काढता. अशा वेळी ‘२६ आठवड्यांनंतर या’ हे उत्तर मुकाट्याने घेऊन घरी येऊ नका. सरळ विचारा, ‘डॉक्टर, तोपर्यंत पावसाळा संपेल. मला आत्ता किंवा चौथ्या महिन्यात देता येईल का?’ एवढं नेमकं विचारलं की डॉक्टरही नेमकं उत्तर देतात. पहिल्या तिमाहीत लस द्यायला अनेक डॉक्टर नाखूश असतात. त्यामागे लसीच्या धोक्यापेक्षा दुसरी भीती जास्त असते. त्या आठवड्यांत गर्भपात तसेही होतात, आणि झालाच तर खापर लसीवर फुटतं. ही त्यांची बाजूही समजून घ्या. मग चौदाव्या आठवड्याच्या सुमाराला देण्यावर बहुधा एकमत होतं.

गेल्या वर्षी लस घेतली असेल तर ती यंदा पुरत नाही. विषाणू बदलतो, लसही बदलते आणि संरक्षण काही महिन्यांत उतरतं. पण याच हंगामात, दिवस जाण्याच्या आधी घेतली असेल तर बहुधा पुन्हा लागत नाही. ती तारीख डॉक्टरांना दाखवा.

४. कुठे मिळेल

महाराष्ट्र सरकारने २०१५ पासून गरोदर स्त्रियांसाठी ही लस सरकारी यंत्रणेतून मोफत द्यायला सुरुवात केली. कागदावर हे छानच. प्रत्यक्षात साठा येतो, संपतो, पुन्हा येतो. त्यामुळे महापालिकेच्या दवाखान्यात किंवा उपजिल्हा रुग्णालयात जाऊन रांगेत उभं राहण्याआधी फोन करा, किंवा आशाताईंना विचारा. त्यांना साठ्याची खबर सगळ्यांच्या आधी असते. फोनवर नुसतं ‘फ्लूची लस आहे का’ विचारू नका, ‘गरोदर बाईसाठी फ्लूची लस आहे का आणि कुठल्या वारी देता’ असं विचारा. काही ठिकाणी गरोदर मातांच्या तपासणीचा एकच वार ठरलेला असतो.

खासगीत साधारण दीड ते अडीच हजारांच्या घरात जाते. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नसेल तर बालरोगतज्ज्ञांकडे चौकशी करा. लहान मुलांना ही लस नियमित देत असल्याने त्यांच्या फ्रिजमध्ये ती बहुधा असते.

केमिस्टकडून लस विकत घेऊन डॉक्टरांकडे न्यायची वेळ आली तर जरा सावध. ही लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. गरम झाली तर बिघडतेच, पण गोठली तरी बिघडते, हे कुणाच्या लक्षात येत नाही. थेट बर्फात खुपसून नेलेली लस वाया गेली समजा. दुकानदाराकडून थंड पाकीट मागून घ्या, मध्ये रुमाल किंवा कागदाची घडी ठेवा आणि वाटेत भाजी-बिजी न घेता सरळ दवाखाना गाठा. ज्या गावात दिवसाचे काही तास वीज जाते तिथे छोट्या दुकानातून घेण्यापेक्षा जिथे ठेवलेली तिथेच टोचून घेणं बरं.

५. सोबत काय न्यायचं

माता-बाल संरक्षण कार्ड, खासगीत असाल तर तुमची फाइल. शेवटच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट, कारण आठवड्यांवरून घोळ झाला तर तोच कामी येतो. चालू औषधांची चिठ्ठी, किंवा सरळ गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. आधी घेतलेल्या लसींची नोंद. सरकारी दवाखान्यात केसपेपरसाठी आधार कार्ड. आणि अंगात असा कुर्ता किंवा गाऊन, ज्याची बाही दंडापर्यंत सहज वर जाईल. घट्ट बाहीचा ब्लाउज घालून गेलात की तिथल्या पडद्याआड जी कसरत होते ती होतेच.

६. टोचण्याआधी खोकं वाचा

हे मी सगळ्यांना सांगते आणि सगळे हसतात. पण दोन मिनिटांचं काम आहे. सिस्टरला म्हणायचं, ‘ताई, खोकं जरा बघू?’ कुणी नाही म्हणत नाही.

त्यावर आधी मुदत संपायची तारीख बघा. फ्लूची लस हंगामाची असते, त्यामुळे जुन्या साठ्याची मुदत अगदी तोंडावर आलेली असू शकते. मग वर्ष आणि गोलार्ध बघा. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीचे घटक ठरवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धाचे, सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धाचे. आपल्या बाजारात दोन्ही येतात. दक्षिणेचं साधारण उन्हाळ्यात, उत्तरेचं पावसाळा सरता सरता. पावसाळ्याआधी घेत असाल तर त्या वर्षाचं दक्षिण गोलार्धाचं मिळालं तर उत्तम. नाही मिळालं आणि मुदतीतलं उत्तर गोलार्धाचं आहे, तर अडून बसू नका. दोन्हींतले एक-दोन घटक बऱ्याचदा तेच असतात, आणि ‘योग्य’ खोक्याची वाट बघण्यात जुलै उलटून जातो.

खोक्यावर किंवा आतल्या कागदावर ‘ए/व्हिक्टोरिया/४८९७/२०२२’ असलं काहीतरी लिहिलेलं असतं. घाबरून जाऊ नका. विषाणूचा प्रकार, तो जिथे सापडला ते ठिकाण, प्रयोगशाळेचा क्रमांक आणि वर्ष, एवढंच त्यात असतं. हा एच१एन१चा घटक आहे, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात मिळालेला.

चार घटकांची लस की तीन घटकांची, यावरही काथ्याकूट चालतो. बी-यामागाता नावाचा चौथा प्रकार मार्च २०२० नंतर जगात कुठे पक्का सापडलेला नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने तो आता लसीतून काढायला सांगितलंय. तीन घटकांची मिळाली तर स्वस्तातली जुनी लस खपवली असं समजू नका.

नावांच्या साधर्म्याचा एक सापळाही आहे. ‘हिमोफिलस इन्फ्लुएन्झा टाइप बी’ म्हणजे हिबची लस पूर्णपणे वेगळी. तो जीवाणू आहे, फ्लू नव्हे, आणि ती लस बाळाला पेंटाव्हॅलंटमधून (पाच आजारांवरच्या एकत्र लसीतून) मिळते. पावतीवर ‘इन्फ्लुएन्झा’ दिसलं म्हणून खूश होऊ नका, पूर्ण नाव वाचा.

७. टोचून घेतल्यावर

अर्धा मिली औषध, दंडात, संपलं. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटं तिथेच बसा. गंभीर अ‍ॅलर्जी फार विरळ, पण झालीच तर याच वेळात दिसते आणि तिथे इलाज हाताशी असतो.

एक-दोन दिवस दंड दुखतो, कधी बारीक ताप येतो, अंग जड वाटतं. ज्या कुशीवर झोपता तो दंड नको, म्हणजे डाव्या कुशीवर झोपत असाल तर उजव्या दंडात मागा. ही माझी स्वतःची युक्ती, पुस्तकातली नव्हे. ताप आला तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल चालते. घराघरांत असणारी कॉम्बिफ्लॅम मात्र नको. तिच्यात आयब्युप्रोफेन असतं आणि ते गरोदरपणात टाळायला सांगतात.

डांग्या खोकल्याची टीडॅप ही लस २७ ते ३६ आठवड्यांत देतात. ती याच भेटीत दुसऱ्या दंडात घेता येते. दोन फेऱ्यांचं काम एकात होतं, शिवाय सुट्टीही एकच टाकावी लागते.

निघताना लसीचं नाव, बॅच क्रमांक आणि तारीख कार्डावर लिहून घ्या. सिरिंजवरचा स्टिकर निघत असेल तर तोच चिकटवून मागा.

८. घरच्यांचे प्रश्न

‘अंड्यापासून करतात ना ती?’ हो, बहुतेक फ्लूच्या लसी कोंबडीच्या अंड्यात विषाणू वाढवून करतात आणि मग शुद्ध करतात. अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर आता ती लस टाळायचं कारण धरत नाहीत, फक्त टोचणाऱ्याला आधी सांगायचं. शाकाहारी घरात हा प्रश्न वेगळ्या कारणाने येतो आणि तो तुमच्या श्रद्धेचा आहे, त्याचं उत्तर मी देणार नाही. एवढंच सांगते की टोचण्याच्या आदल्या रात्री सासूबाईंना हे पहिल्यांदा कळणं चांगलं नाही. आधीच बोलून घ्या.

‘त्याने बाळ पडतं म्हणे.’ हा मजकूर मोबाइलवर फिरतो आणि त्याचं मूळ खरं आहे, म्हणून उडवून लावू नका. अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लागोपाठ दोन हंगाम एच१एन१ची लस घेतलेल्या बायकांमध्ये गर्भपाताशी संबंध दिसला होता. त्याच गटाने पुढच्या तीन हंगामांची जास्त मोठी माहिती तपासली, तेव्हा तो संबंध दिसला नाही. फिरणाऱ्या मेसेजमध्ये पहिला अर्धा भागच असतो.

‘जीबीएस होतो.’ पुण्यात हा प्रश्न जानेवारी २०२५ नंतर फारच वाढला. सिंहगड रस्त्याच्या परिसरातली ती साथ दूषित पाणी आणि कॅम्पिलोबॅक्टर जीवाणू यांच्याशी जोडली गेली. फ्लूच्या लसीचा तिच्याशी काही संबंध नव्हता. फ्लूच्या लसीने जीबीएसचा धोका वाढतो असं जिथे दिसलं, तिथे तो दहा लाख डोसमागे एखाद-दुसरा एवढा आहे. खुद्द फ्लू झाल्यावर जीबीएस होण्याची शक्यता त्याहून जास्त.

‘काढा घे, लस कशाला.’ हळद-दूध जरूर प्या, बरं वाटतं. पण काढ्याने किंवा साखरेच्या गोळ्यांनी फ्लू टळतो याला पुरावा नाही, आणि गरोदरपणात कुणीही सांगितलेली जडीबुटी पोटात घालणं हा लसीपेक्षा मोठा जुगार आहे.

९. लस घेतली, तरी ताप आला तर

लगेच डॉक्टरांना फोन करा, ‘दोन दिवस बघू’ म्हणू नका. ओसेल्टामिविर (दुकानात टॅमीफ्लू म्हणून ओळखतात) हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. सरकारी मार्गदर्शक सूचनांत फ्लूच्या रुग्णांचे ए, बी, सी असे गट केले आहेत. ताप, घसादुखी, खोकला असलेली गरोदर स्त्री थेट बी गटात जाते, आणि त्या गटात तपासणीच्या रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करता येतं. म्हणून डॉक्टरांशी बोलताना सुरुवातच ‘मी अमुक महिन्यांची गरोदर आहे आणि ताप आहे’ अशी करा. नेहमीचे डॉक्टर सुट्टीवर असतील आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जावं लागलं तर हे आणखी महत्त्वाचं, कारण पाचव्या महिन्यापर्यंत सैल कुर्त्यात पोट दिसतही नाही.

श्वास लागणं, छातीत दुखणं, ओठ निळसर दिसणं, ग्लानी, थुंकीत रक्त, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही असेल तर फोनाफोनी सोडा आणि थेट मोठा दवाखाना गाठा. यातली बहुतेक लक्षणं सी गटातली.

१०. घरातली बाकीची माणसं

बाळाला बघायला येणारे सगळेच हात धुऊन येतात असं नाही. नवरा, दोन्हीकडच्या आज्या, सांभाळायला येणारी बाई, यांनी बाळ यायच्या किमान दोन आठवडे आधी लस घेतली तर बाळाभोवती एक फळी तयार होते. गरोदरपणात तुमची राहून गेली असेल तर बाळंतपणानंतर घ्या. अंगावर पाजत असताना चालते.

लेकीच्या बाळंतपणाला परदेशी निघालेल्या आज्यांसाठी थोडं वेगळं. तिकडे फ्लूचा हंगाम ऑक्टोबरनंतर. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ आजी-आजोबांच्या फ्लू आणि टीडॅपची चौकशी करतात, आणि तिथे पाहुण्यांना खिशातून पैसे मोजावे लागू शकतात. निघण्याआधी इथेच घेऊन कागद बरोबर न्यावा. लेक ब्रिटनमध्ये असेल तर तिला स्वतःला गरोदरपणात ही लस तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत मोफत मिळते, सप्टेंबरपासून. तिने मिडवाइफला विचारावं.

आणि बाळ सहा महिन्यांचं झालं की त्याची स्वतःची लस सुरू होते. पहिल्या वर्षी दोन डोस, चार आठवड्यांच्या अंतराने, मग दरवर्षी एक. पहिला डोस नेमका कधी द्यायचा, यासाठी पुन्हा तोच कागद काढा आणि पावसाळ्यावर रेघ ओढा.